वाट मोकळी करून देणारा रणगाडा आणि त्याचे तिरसट जनरल : पर्सी होबार्ट



मुलांना थोरामोठ्यांची चरित्रं सांगताना आपण बहुतेक वेळा शांत, मनमिळाऊ, सगळ्यांना हवीहवीशी वाटणारी माणसं निवडतो. आज जरा वेगळ्या माणसाची ओळख करून घेऊ या. हा माणूस बुद्धीने तल्लख होता, कष्टाळू होता, पण मनमिळाऊ मुळीच नव्हता. फटकळ बोलणं, चारचौघांत वरिष्ठांची चूक काढणं, हाताखालच्यांना दमेपर्यंत राबवणं, असे त्याचे गुण-अवगुण. ऐन महायुद्धात त्याच्याच सैन्याने त्याला घरी बसवलं. पुढे साडेचार वर्षांनी त्याच सैन्याला त्याच्या विचित्र यंत्रांवाचून समुद्रकिनाऱ्यावर पाय ठेवणं कठीण झालं असतं.

त्यांचं नाव मेजर जनरल सर पर्सी होबार्ट. सैन्यात त्यांना होबो म्हणत. त्यांची गोष्ट म्हणजे एका रणगाड्याचीही गोष्ट आहे. हा रणगाडा लढाईच्या कामातून मागे पडला आणि तरीही युद्धानंतर कितीतरी वर्षं वेगळंच काम करत राहिला. आधी ते काम कोणतं, हे समजून घेऊ.

सॅपर म्हणजे कोण?

सैन्य म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर बंदूक येते. पण सैन्याला पुढे जायला रस्ता लागतो. नदीवर पूल लागतो. शत्रूने पेरलेले सुरुंग कुणीतरी काढावे लागतात, आडवे टाकलेले ओंडके आणि भिंती कुणीतरी फोडाव्या लागतात. हे काम करणारे सैनिक म्हणजे सैन्यातले इंजिनिअर. त्यांना सॅपर म्हणतात. आपल्या पुण्याजवळ खडकीला बॉम्बे सॅपर्सचं मोठं केंद्र आहे, हे अनेकांना माहीत असेल.

याच बॉम्बे सॅपर्समधले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचं नाव मुलांना जरूर सांगा. ते कारवारकडचे. एप्रिल १९४८ मध्ये जम्मू भागात नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूने सुरुंग आणि पाडलेली झाडं टाकून बंद केला होता. राणे आणि त्यांच्या जवानांनी गोळीबारात, जखमी असतानाही, दिवसरात्र खपून तो रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा केला. एका ठिकाणी तर राणे रणगाड्याच्या खाली, दोन पट्ट्यांच्या मध्ये राहून रणगाड्याबरोबर पुढे सरकले. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

आता इथे थांबून मुलांना एक विचार करायला लावा. सॅपरच्या हातात काम असतं, त्यामुळे त्याला लपता येत नाही. सुरुंग काढायला जमिनीवर वाकावं लागतं, भिंत फोडायला भिंतीपर्यंत जावं लागतं, आणि समोरून गोळ्या चालूच असतात. मग सॅपरला रणगाड्याच्या खाली नव्हे, तर रणगाड्याच्या आत बसून हे काम करता आलं तर? होबार्ट यांच्या आयुष्याचं सगळ्यात मोठं काम याच प्रश्नाभोवती उभं राहिलं.

नैनितालचा मुलगा

पर्सी होबार्ट यांचा जन्म १४ जून १८८५ रोजी आपल्याच देशात, नैनितालला झाला. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये अधिकारी होते. शिक्षण मात्र इंग्लंडात झालं. आधी क्लिफ्टन कॉलेज आणि मग वुलिचची सैनिकी अकादमी. १९०४ मध्ये ते रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाले. म्हणजे होबार्ट स्वतः मुळात सॅपरच होते, हे लक्षात ठेवा. पुढे याचा संबंध येणार आहे.

१९०६ मध्ये ते भारतात आले आणि बंगाल सॅपर्समध्ये रुजू झाले. वायव्य सरहद्दीवरच्या १९०८ च्या मोहिमेत ते होते. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर भारतीय फौजांबरोबर ते फ्रान्सला गेले. तिथे १९१५ मध्ये न्यूव शापेलच्या लढाईत त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. तिथून ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले.

इराकमधला एक प्रसंग मुलांना आवडेल. मार्च १९१८ मध्ये विमानातून टेहळणी करताना त्यांचं विमान पडलं आणि ते तुर्की सैन्याच्या हाती लागले. तुर्की तुकडी त्यांना घेऊन मागे निघाली. पण ब्रिटिशांच्या चिलखती मोटारी वाळवंटातून भरधाव मागोमाग गेल्या, त्या तुकडीला गाठलं आणि कैद्यांना सोडवून आणलं. इंजिनावर चालणारी, पोलादाने मढवलेली गाडी काय करू शकते, याचा अनुभव होबार्ट यांनी असा स्वतः घेतला.

रणगाड्यांचं वेड

रणगाडा हे तेव्हा अगदी नवं शस्त्र होतं. १९१६ मध्ये फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत तो पहिल्यांदा वापरला गेला. युद्ध संपल्यावर अनेक जुन्या अधिकाऱ्यांना वाटत होतं की हे तात्पुरतं खूळ आहे आणि घोडदळाचे दिवस पुन्हा येतील. होबार्ट यांना तसं वाटत नव्हतं. १९२३ मध्ये त्यांनी आपलं सुरक्षित, मानाचं इंजिनिअर दल सोडलं आणि स्वतःहून रणगाडा दलात गेले. वय होतं ३८. आपल्याकडे म्हणतात तसं, बसलेली घडी त्यांनी स्वतःच मोडली.

त्यानंतर क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात ते शिकवायला होते. म्हणजे काही वर्षं हे गृहस्थही शिक्षकच होते! याच काळात त्यांच्या बहिणीचं, बेटीचं, बर्नार्ड मॉन्टगोमेरी नावाच्या अधिकाऱ्याशी लग्न झालं. हेच पुढे प्रसिद्ध झालेले फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी. दुर्दैवाने १९३७ मध्ये कीटकदंशातून विष भिनून बेटीचं निधन झालं. पण मेहुण्यांचं नातं पुढच्या युद्धात कामी आलं.

१९३४ मध्ये होबार्ट ब्रिटनच्या रणगाडा ब्रिगेडचे प्रमुख झाले. बिनतारी यंत्रावरून अनेक रणगाड्यांना एकाच वेळी हुकूम देणं, रात्री हालचाल करणं, शत्रूच्या मागे खोलवर घुसणं, असे सराव त्यांनी घेतले.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की ते शहाणे आणि बाकीचे सगळे अडाणी. तसं नव्हतं, आणि मुलांनाही तसं सांगू नये. होबार्ट यांना वाटत असे की रणगाडे जवळपास सगळं एकटेच करू शकतील, पायदळाची आणि तोफखान्याची साथ त्यांना फारशी लागणार नाही. युद्धाच्या अनुभवाने हे म्हणणं बरंचसं खोटं ठरवलं. शिवाय त्यांचा स्वभाव! समोरच्याचं म्हणणं पटलं नाही की ते तोंडावर सांगत, मग समोर कुणी का असेना. त्यांनी १९२८ मध्ये लग्न केलं ते एका सहकारी अधिकाऱ्याच्या घटस्फोटित पत्नीशी. त्या काळच्या सैन्यात हे फार वाईट मानलं जाई. त्यामुळेही अनेकजण त्यांना पाण्यात पाहत.

घरी पाठवणी

१९३८ च्या अखेरीस युरोपात युद्धाचे ढग जमले. होबार्ट यांना इजिप्तला पाठवण्यात आलं. काम होतं तिथे रणगाड्यांचं एक दल उभारणं. हाताशी होतं ते जुनंपुराणं सामान. तरी वाळवंटात लांबवर पसरून चालायचं कसं, वाळूत गाड्या टिकवायच्या कशा, दिशा ओळखायची कशी, हे सगळं त्यांनी जवानांकडून घोटून घेतलं. हेच दल पुढे सातवी आर्मर्ड डिव्हिजन झालं. वाळवंटातले उंदीर या टोपणनावाने ती जगभर गाजली.

पण ते गाजणं पाहायला होबार्ट तिथे नव्हते. वरिष्ठ जनरल विल्सन यांच्याशी त्यांचं बिनसलं. विल्सन यांनी त्यांच्याविरुद्ध अहवाल दिला, सरसेनापती वेव्हेल यांनी तो उचलून धरला आणि १९३९ संपता संपता होबार्ट यांच्याकडून दल काढून घेण्यात आलं. १९४० मध्ये त्यांना निवृत्त करण्यात आलं. त्यांनी घडवलेल्या त्याच दलाने १९४०-४१ च्या हिवाळ्यात इटालियन सैन्याची धूळधाण उडवली. त्या मोहिमेत ब्रिटिश फौजांनी एक लाखाहून जास्त कैदी पकडले.

आणि होबार्ट काय करत होते? चिपिंग कॅम्डन नावाच्या लहानशा गावी ते गावरक्षक दलात भरती झाले. मेजर जनरल राहिलेला माणूस, वय ५५, आणि हुद्दा लान्स कॉर्पोरल, म्हणजे जवळजवळ तळातला. गावाचं रक्षण कसं करायचं याच्या योजना ते तिथेही तितक्याच मन लावून करत होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अपमान झाला म्हणून त्यांनी कामाशी अबोला धरला नाही.

त्यांच्यासारखी माणसं वाया घालवली जात आहेत, असं युद्धतज्ज्ञ लिडेल हार्ट यांनी वर्तमानपत्रात लिहिलं. पंतप्रधान चर्चिल यांनी होबार्ट यांना परत घ्यायचा आग्रह धरला. सैन्यातल्या वरिष्ठांनी त्यांच्या स्वभावाच्या तक्रारी पुढे केल्या. चर्चिल यांचं म्हणणं असं की देश संकटात असताना फक्त गोड स्वभावाच्या माणसांवर भागणार नाही. अखेर १९४१ मध्ये होबार्ट यांच्याकडे नवी अकरावी आर्मर्ड डिव्हिजन उभारण्याचं काम आलं. १९४२ मध्ये वैद्यकीय मंडळाने त्यांना पुन्हा बाजूला सारण्याचा प्रयत्न केला. तेव्हाही चर्चिल मध्ये पडले.

दिएपचा धडा

आता गोष्टीत रणगाडा येतो. १९ ऑगस्ट १९४२ रोजी दोस्त सैन्याने फ्रान्सच्या दिएप बंदरावर हल्ला केला. हल्ल्यात बहुसंख्य सैनिक कॅनडाचे होते. हल्ला साफ फसला. नऊशेहून अधिक कॅनेडियन सैनिक मारले गेले. किनाऱ्यावर उतरलेले चर्चिल रणगाडे गोट्यांच्या किनाऱ्यात आणि काँक्रिटच्या अडथळ्यांपुढे अडकले. अडथळे उडवायचे ते सॅपरने. पण सॅपर उघड्यावर होते. स्फोटकं घेऊन भिंतीपर्यंत पोचण्याआधीच त्यांतले कितीतरी पडले.

या अपयशानंतर डेनोव्हन नावाच्या एका तरुण कॅनेडियन इंजिनिअर अधिकाऱ्याने अगदी साधी कल्पना मांडली. सॅपर आणि त्यांचं सामान रणगाड्याच्या पोटातच घालायचं. त्यासाठी निवडला गेला चर्चिल रणगाडाच, जो दिएपला अडकला होता. का? तो हळू चालायचा, पण त्याचं चिलखत जाड होतं, आतली जागा ऐसपैस होती, आणि मुख्य म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना दारं होती. सॅपरला आडोशाने बाहेर पडता येई आणि आत शिरता येई.

या रणगाड्याची नेहमीची तोफ काढली. तिच्या जागी आखूड, जाडजूड तोंडाची उखळी तोफ बसवली. तिचा गोळा २९ सेंटीमीटर व्यासाचा आणि सुमारे १८ किलो वजनाचा. तो फार लांब जात नसे, जेमतेम ७०-८० मीटर, पण काँक्रिटची भिंत फोडायला पुरेसा होता. गोळ्याचा आकार पाहून सैनिक त्याला उडती कचरापेटी म्हणत. पंचाईत एकच होती. पुढचा गोळा भरायला आतल्या माणसाला झाकण उघडून हात बाहेर काढावे लागत. या गाडीचं नाव पडलं एव्हीआरई, म्हणजे रॉयल इंजिनिअर्सचं हल्ल्याचं वाहन.

विचित्र यंत्रांचा संसार

मार्च १९४३ मध्ये सरसेनानी ॲलन ब्रुक यांनी होबार्ट यांच्यावर नवं काम सोपवलं. त्यांची ७९ वी आर्मर्ड डिव्हिजन आता नेहमीसारखी लढणार नव्हती. तिने फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे अडथळे दूर करणारे खास रणगाडे तयार करायचे आणि माणसं शिकवायची. मुळात सॅपर असलेला आणि रणगाड्यांवर वीस वर्षं घालवलेला माणूस याहून योग्य कोण मिळणार होता?

त्या ताफ्यात काय काय होतं, ते मुलांना फळ्यावर चित्र काढून दाखवा. खूप मजा येते.

एव्हीआरईच्या नाकावर लाकडी काठ्यांची भली मोठी मोळी बांधलेली असे. खंदक आला की मोळी खंदकात टाकायची आणि तिच्यावरून पलीकडे जायचं. दुसऱ्या एव्हीआरईपुढे सुमारे ९ मीटरचा तयार पूल असे. तो भिंतीला टेकवायचा किंवा खड्ड्यावर टाकायचा. तिसऱ्यापुढे कापडी चटईचं मोठं रीळ असे. चिकणमातीचा भाग आला की रणगाडा स्वतःसाठी चटई अंथरत पुढे जाई, मागच्या गाड्या त्याच वाटेने येत.

शेर्मन रणगाड्यापुढे फिरता रूळ बसवून त्याला जाड साखळ्या लावल्या होत्या. मळणी करताना कणसं झोडपावीत तशी ही गाडी जमीन झोडपत चाले. साखळीचा मार बसला की सुरुंग रणगाड्याच्या पुढेच फुटे. वेग मात्र ताशी जेमतेम दोन किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याहून कमी. आणखी एका शेर्मनला भोवती कापडी पडदा आणि मागे पंखे लावून पाण्यावर तरंगायला शिकवलं होतं.

हे सगळे शोध होबार्ट यांचे होते का? नाही. सुरुंग झोडपण्याची कल्पना दक्षिण आफ्रिकेच्या अब्राहम ड्यू टॉइट यांची. तरंगणारा रणगाडा हंगेरीतून आलेल्या निकोलस स्ट्रॉसलर यांचा. एव्हीआरईची कल्पना डेनोव्हन यांची. होबार्ट यांनी काय केलं? विखुरलेल्या कल्पना गोळा केल्या, तपासल्या, त्रुटी काढल्या, कारखान्यांच्या मागे लागले आणि माणसांकडून सराव करून घेतला. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ऑरफर्डजवळ जर्मन अडथळ्यांसारख्या भिंती आणि खंदक बांधून पुन्हा पुन्हा तालीम केली. ज्यांनी कल्पना सुचवली त्यांचं श्रेय त्यांनाच द्यावं, पण कल्पना कामाला लावणं हेही तितकंच मोठं काम आहे, हे मुलांना कळायला हवं.

६ जून १९४४

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरलं तेव्हा जमिनीवरच्या सगळ्या फौजांची सूत्रं मॉन्टगोमेरी यांच्याकडे होती. ब्रिटिश आणि कॅनेडियन सैन्याच्या गोल्ड, जुनो आणि स्वोर्ड या तिन्ही किनाऱ्यांवर होबार्ट यांच्या गाड्या अगदी पहिल्या लाटेत होत्या. साखळ्यांनी सुरुंग फुटत होते, पूल टाकले जात होते, तटबंदीला भगदाडं पडत होती. सगळं ठरल्याप्रमाणे झालं असं नाही. कितीतरी गाड्या जळाल्या, बुडाल्या, माणसं गेली. पण दिएपसारखं किनाऱ्यावरच अडकून पडणं टळलं.

जुनो किनाऱ्यावर ग्रे-सुर-मेर गावाजवळ एक एव्हीआरई पाण्याने भरलेल्या मोठ्या खड्ड्यात पडला. बाहेर पडलेल्या सॅपरांपैकी काहीजण तोफगोळ्यांना बळी पडले. वाट तर मोकळी व्हायलाच हवी होती. मग त्या बुडालेल्या रणगाड्यालाच आधार करून त्याच्यावर मोळ्या आणि पूल टाकला गेला, आणि मागचं सैन्य त्याच्या डोक्यावरून पुढे गेलं. तो रणगाडा तिथेच गाडला गेला. १९७६ मध्ये तो उकरून काढण्यात आला. आज तो त्याच किनाऱ्यावर स्मारक म्हणून उभा आहे.

पुढे सप्टेंबर १९४४ मध्ये ल हाव्र बंदराची भक्कम तटबंदी दोन दिवसांत पडली. त्यातही ही यंत्रं पुढे होती. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाइन नदी ओलांडतानाही होती.

आता या सगळ्यातली सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी बाब. ७९ व्या डिव्हिजनने स्वतः एकत्र अशी एकही लढाई लढली नाही. जिथे गरज असेल तिथे तिच्या चार गाड्या, कुठे दहा गाड्या दुसऱ्यांच्या मदतीला जात. काम झालं की परत. जिंकल्याचं नाव दुसऱ्या डिव्हिजनचं होई. एकेकाळी रणगाड्यांना कुणाची साथ नको असं म्हणणाऱ्या माणसाने शेवटी असं दल घडवलं, ज्याचं कामच मुळी दुसऱ्यांना साथ देणं होतं. आणि ते त्यांनी मनापासून केलं.

युद्ध संपलं, रणगाडा राहिला

ऑगस्ट १९४५ मध्ये ही डिव्हिजन बरखास्त झाली. होबार्ट यांनी काही काळ खास रणगाड्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेचं काम पाहिलं आणि १९४६ मध्ये निवृत्त झाले. पुढे १९४८ ते १९५३ या काळात ते लंडनमध्ये चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलचे उपप्रमुख होते. तिथे वृद्ध, निवृत्त सैनिक राहतात. १९ फेब्रुवारी १९५७ रोजी फार्नहॅम इथे त्यांचं निधन झालं.

आणि चर्चिल रणगाडा? महायुद्ध संपलं तेव्हा तो लढाईसाठी जुना झाला होता. नव्या, वेगवान रणगाड्यांपुढे त्याचा टिकाव लागणं शक्य नव्हतं. असे रणगाडे गरजेपेक्षा जास्त उरले होते. त्यांची जागा भंगारात, असंच कुणालाही वाटलं असतं. पण सॅपरना वेग नको होता. त्यांना हवं होतं जाड चिलखत, ऐसपैस पोट आणि ओझं वाहायची ताकद. ते सगळं चर्चिलमध्ये होतंच.

म्हणून युद्धाच्या शेवटच्या काळातले, जास्त जाड चिलखताचे चर्चिल रणगाडे इंजिनिअरांसाठी बदलून घेतले गेले. १९५४ च्या सुमारास त्यांना १६५ मिलिमीटरची नवी तोफ मिळाली. हिचा गोळा साधारण २७ किलोचा, आणि मुख्य सुधारणा म्हणजे तो आतूनच भरता येई. झाकण उघडून हात बाहेर काढायची जुनी पंचाईत संपली. मोळी वाहण्याचं काम मात्र पूर्वीसारखंच चालू राहिलं. लढाईतून बाद झालेला हा रणगाडा १९६० च्या दशकापर्यंत सॅपरांच्या सेवेत होता.

नंतर तीच १६५ मिलिमीटरची तोफ सेंच्युरियन रणगाड्यावर चढली. सेंच्युरियनचंही तेच झालं. लढाईच्या कामातून मागे पडला, पण इंजिनिअरांनी त्याला ठेवून घेतलं. १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये रस्त्यांवरचे अडसर हटवायला तो वापरला, तर १९९१ च्या आखाती युद्धातही तो होता. आजच्या ब्रिटिश सैन्यातल्या ट्रोजन नावाच्या गाडीच्या नाकावरही मोळी असते. फरक इतकाच की लाकडी काठ्यांऐवजी आता प्लास्टिकचे पाइप असतात.

वर्गात आणि घरात काय बोलावं?

प्रत्येक वर्गात एखादा होबार्ट असतो. हुशार, पण उलट बोलणारा. गटात न रमणारा. त्याच्यापुढे आपले दोन मार्ग असतात. एक, त्याला बाहेर उभं करायचं. दुसरा, त्याच्या स्वभावाचं कौतुक करत बसायचं. होबार्ट यांचं आयुष्य सांगतं की हे दोन्ही अपुरे आहेत. त्यांना बाहेर काढल्याने सैन्याचं नुकसान झालं, हे खरं. पण त्यांचा तिरसटपणा गुण होता, असंही नाही. त्या स्वभावाने हाताखालच्यांना त्रास झाला आणि स्वतःचंही काम हातातून गेलं. बदल घडला तो कुणीतरी त्यांना नेमकं काम दिलं तेव्हा. ज्या कामात त्यांची जिद्द हवी होती आणि ज्यात दुसऱ्यांची गरज ओळखल्याशिवाय चालणारच नव्हतं, असं काम.

मला वाटतं, आपल्या हातात एवढंच असतं, पण ते थोडं नाही. शिक्षा ठरवण्याआधी एकदा विचारावं की या मुलाला मी कोणतं काम देऊन पाहिलं? स्नेहसंमेलनात भाषण नको असेल, पण पडदा ओढायची दोरी दुरुस्त करायला तोच धावत असेल.

मुलांशी चर्चा करायला काही प्रश्न :

१. सॅपरला रणगाड्यात बसवल्याने कोणती अडचण सुटली? कोणती उरली?

२. कल्पना सुचणारा आणि कल्पना प्रत्यक्षात आणणारा, यांत मोठा कोण? की तुलनाच चुकीची?

३. तुमच्या घरात मूळ कामातून बाद झालेली, पण दुसऱ्या कामाला लागलेली कोणती वस्तू आहे? ती त्या कामाला का चालते, ते सांगा.

४. स्वतःचं नाव होणार नाही, पण दुसऱ्याची वाट मोकळी होईल, असं एखादं काम तुम्ही केलं आहे का?

तिसऱ्या प्रश्नाला मुलं भरभरून उत्तरं देतात. तेलाच्या डब्याची कुंडी, आईच्या साडीची गोधडी, सायकलच्या ट्यूबचा रबरी पट्टा, अशी यादी संपत नाही. तिथूनच चर्चिल रणगाड्याकडे परत यायचं.

आणि सहल काढणार असाल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय जरूर दाखवा. तिथे चर्चिल आणि सेंच्युरियन हे दोन्ही रणगाडे पाहायला मिळतात. मुलांना सांगा, तोफ नंतर बघू. आधी चर्चिलच्या बाजूचं ते छोटं दार शोधा. सॅपर तिथून ये-जा करत.